लिनक्सवर स्क्रीनशॉट काढणं आणि त्यावर खुणा करणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कचेरीत किंवा वाचनालयात पहिल्यांदाच लिनक्स आलेल्या लोकांसाठी मी मराठीत सूचनापत्रिका बनवतो. 'इथे क्लिक करा, मग हे बटण दाबा' अशा थाटाच्या. एका पत्रिकेला पंधरा-वीस स्क्रीनशॉट सहज लागतात, आणि पत्रिका हातात पडली की लोक मलाच फोन करून विचारतात की तुम्ही हे बाण कसे काढता. फोनवर येणारे तेच ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कमांडची नावंही फोनवर सांगतो तशीच, उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची.

प्रिंट स्क्रीन दाबलं, पण काहीच झालं नाही. स्क्रीनशॉट गेला कुठे?

बहुतेक वेळा तो निघालेला असतो, फक्त तुम्हाला दिसत नाही. उबुंटू या लिनक्सच्या प्रकारात २२.०४ या आवृत्तीपासून पुढे ग्नोम डेस्कटॉपवर (डेस्कटॉप म्हणजे पडद्यावरच्या विंडो, पट्ट्या आणि मेनू यांची मांडणी) नुसतं प्रिंट स्क्रीन दाबलं की पडदा किंचित काळवंडतो आणि भाग, पूर्ण पडदा की एकच विंडो असं विचारलं जातं. शिफ्टबरोबर दाबलं तर काहीही न विचारता अख्खा पडदा टिपला जातो, ऑल्टबरोबर दाबलं तर समोरची विंडो. चित्र दोन ठिकाणी जातं: क्लिपबोर्डवर, आणि पिक्चर्समधल्या स्क्रीनशॉट्स या फोल्डरात. म्हणजे लिबरऑफिसमध्ये लगेच पेस्ट करायचं असेल तर फाइल शोधायची गरजच नाही.

लिनक्स मिंटच्या सिनॅमन डेस्कटॉपवर पद्धत थोडी जुनी आहे. शिफ्ट दाबलं की भाग निवडायचा, ऑल्ट दाबलं की विंडो, आणि या सगळ्याला कंट्रोलची जोड दिली की फाइल न बनता चित्र थेट क्लिपबोर्डवर. केडीई या आणखी एका डेस्कटॉपवर प्रिंट स्क्रीन दाबलं की स्पेक्टॅकल हा त्याचा स्क्रीनशॉटचा प्रोग्राम उघडतो. सुपर (विंडोजच्या चिन्हाची कळ) आणि शिफ्टसकट दाबलं तर चौकोन आखायला मिळतो.

आणि खरोखरच काही झालं नसेल तर कीबोर्ड बघा. बऱ्याच लॅपटॉपवर ही कळ दुसऱ्या कळीच्या पोटात लपवलेली असते, एफएन धरल्याशिवाय ती चालत नाही. रोज एफएन शोधण्यापेक्षा सेटिंग्जमधल्या कीबोर्ड विभागात जाऊन हेच काम सोयीच्या कळींवर बांधून टाका. माझ्याकडे सुपर, शिफ्ट आणि एस आहे. डाव्या हाताला सवय झाली की उजवा माउसवरून हलत नाही.

उबुंटूवर स्क्रीनशॉट निघतो, पण त्यावर बाण काढायची सोय सापडत नाही.

सापडणार नाही, कारण ती नाहीच. मार्च २०२२ मध्ये आलेल्या ग्नोम ४२ ने स्क्रीनशॉटची नवी सोय थेट डेस्कटॉपच्या पोटात घातली, ती दिसायलाही सुरेख आहे, पण खुणा करण्याचं काम तिने दुसऱ्यांवर सोडलं. त्यामुळे वेगळं साधन लागतं. केडीई वापरत असाल तर मात्र शोधाशोध नको. स्पेक्टॅकलमध्ये बाण, चौकोन, मजकूर, क्रमांक, पुसट करणं हे सगळं आहे आणि ते नीट चालतं.

बाकीच्यांना मी फ्लेमशॉट सांगतो. तो भाग निवडल्याजागीच खुणा करू देतो, आधी फाइल साठवा, मग उघडा, मग एडिट करा ही यातायात नाही. ज्यांना आधीच काढलेल्या चित्रांवर निवांत काम करायचं असतं, त्यांना केस्निप. सातत्याने टाइलिंग डेस्कटॉप (विंडो फरशांसारख्या शेजारी-शेजारी मांडणारा) वापरणारी मंडळी, म्हणजे स्वे वगैरे, ग्रिमने चित्र काढतात, स्लर्पने भाग निवडतात आणि स्वॅपी किंवा सॅटीमध्ये खुणा करतात. एका ओळीत तिघांची साखळी जोडता येते, पण ज्यांना ते जमतं ते मला फोन करत नाहीत.

पूर्वी शटर नावाचं साधन सगळ्यांच्या तोंडी होतं. जुन्या लायब्ररींवर (प्रोग्रामना लागणाऱ्या तयार भागांवर) अवलंबून राहिल्याने ते मध्यंतरी उबुंटूच्या भांडारातून बाहेर पडलं. नंतर सुधारून परत आलं, पण वेलँडवर (पडद्यावर विंडो दाखवणारी नवी व्यवस्था, तिच्याबद्दल पुढे) त्याचं फारसं जमत नाही. आज नव्याने सुरुवात करणाऱ्याने तिकडे वळू नये असं माझं मत.

फ्लेमशॉटवर पटापट काम करायची युक्ती काय?

वरच्या गोलगोल बटणांकडे बघायचंच नाही. भाग निवडला की ए म्हणजे बाण, आर म्हणजे रंगाने भरलेला चौकोन, एस म्हणजे नुसती चौकट, एम म्हणजे हायलायटर, टी म्हणजे मजकूर, बी म्हणजे पुसट करणं. माउसचं चाक फिरवलं की रेघ जाड-बारीक होते. उजवं क्लिक केलं की रंगांचं कडं उमटतं. चुकलं तर कंट्रोल झेड, झालं की कंट्रोल सी, नाहीतर कंट्रोल एस.

एक प्रत्यक्ष उदाहरण सांगतो. प्रिंटर जोडण्याची पत्रिका करताना सेटिंग्जची विंडो उघडतो आणि फ्लेमशॉटने फक्त तेवढीच निवडतो, वरची पट्टी आणि खालचा वॉलपेपर वगळून. क्रमांकाचं साधन घेतो. 'प्रिंटर जोडा' या बटणाशेजारी क्लिक केलं की लाल गोळ्यात १ उमटतो, यादीतल्या प्रिंटरच्या नावाशेजारी २, 'जोडा' वर ३. आकडा आपोआप वाढतो. कंट्रोल सी, लिबरऑफिसमध्ये कंट्रोल व्ही, आणि खाली तीन ओळी मजकूर. अर्ध्या मिनिटाचं काम. हे गोळे बटणावर कधीच ठेवायचे नाहीत, शेजारी ठेवायचे. बटणावरचं नावच झाकलं गेलं तर वाचणारा ते पडद्यावर शोधणार कसं?

आणखी एक: पडद्याच्या त्याच भागाचे लागोपाठ दहा स्क्रीनशॉट हवे असतील तर मागचाच चौकोन परत वापरता येतो. टर्मिनलमध्ये फ्लेमशॉट, मग जीयूआय लिहून त्यापुढे दोन डॅश देऊन लास्ट-रीजन हा पर्याय लावायचा. स्पेक्टॅकलमध्ये निवडलेला भाग लक्षात ठेवायची सेटिंग आहे. पत्रिकेतली सगळी चित्रं एकाच मापाची आली की पान कसं टापटीप दिसतं ते करून बघा.

फ्लेमशॉट दर वेळी परवानगी का मागतो? कधीकधी तर वाकडंतिकडं चित्र येतं.

कारण तुम्ही वेलँडवर आहात. एक्स११ ही पडद्यावर विंडो दाखवण्याची १९८७ पासूनची व्यवस्था. तिच्यात कोणताही प्रोग्राम दुसऱ्या कोणत्याही विंडोत डोकावू शकतो, त्यामुळे स्क्रीनशॉट काढणं सोपं, आणि चोरून काढणंही तितकंच सोपं. २००८ मध्ये सुरू झालेल्या वेलँडने हा चावडीचा कारभार बंद केला. तिथे प्रत्येकाला फक्त आपली विंडो दिसते. पडदा टिपायचा तर पोर्टल नावाच्या मध्यस्थाकडे विनंती करायची आणि मध्यस्थ तुम्हाला विचारणार. फ्लेमशॉट एक्स११ च्या दिवसांत वाढलेला असल्याने त्याला हे नवं घर अजून पुरतं मानवलेलं नाही. विशेषतः दोन मॉनिटर आणि सव्वापट-दीडपट मोठं केलेलं प्रदर्शन असेल तर तो गोंधळतो.

आपण कशावर आहोत हे सेटिंग्जमधल्या 'अबाउट' पानावर 'विंडोइंग सिस्टिम' समोर लिहिलेलं असतं. एक्स११ असेल तर फ्लेमशॉट डोळे मिटून वापरा. वेलँड आणि केडीई असेल तर स्पेक्टॅकल. वेलँड आणि ग्नोम असेल, आणि फ्लेमशॉट फारच छळत असेल, तर मी सरळ दोन पायऱ्यांत करतो: ग्नोमच्या प्रिंट स्क्रीनने चित्र, मग केस्निपमध्ये उघडून खुणा. पूर्वी लॉगिनच्या वेळी 'उबुंटू ऑन झॉर्ग', म्हणजे एक्स११, निवडायचा सल्ला सर्रास दिला जायचा. उबुंटू २५.१० पासून ग्नोमसाठी तो पर्यायच काढून टाकला आहे, तेव्हा त्या वाटेवर विसंबू नका.

मेनू उघडा असताना स्क्रीनशॉट काढायचा आहे. कळ दाबली की मेनू मिटतो किंवा कळच चालत नाही.

एक्स११ वर उघडा मेनू कीबोर्ड धरून ठेवतो, त्यामुळे शॉर्टकट पोहोचतच नाही. उपाय म्हणजे उशीर. स्पेक्टॅकलमध्ये सेकंद लिहायची जागा आहे. फ्लेमशॉटला जीयूआयपुढे डॅश डी आणि पाच हजार असं लिहा, कारण तो मिलिसेकंदात मोजतो. पाच लिहून 'उशीर होतच नाही' म्हणणारे निदान चार फोन मला आले आहेत. पाच सेकंदांत मेनू उघडून हात बाजूला घ्यायचा. वेलँडवरच्या नव्या ग्नोममध्ये उघड्या मेनूवरही प्रिंट स्क्रीन चालतं, तिथे ही कसरत नको.

चित्रावर मराठीत लिहिताना चौकोन उमटतात. कधी वेलांटी भलत्याच ठिकाणी जाते.

दोन वेगळे आजार आहेत. चौकोन दिसत असतील तर संगणकावर देवनागरी फाँटच नाही. डेबियन-उबुंटूवर फाँट्स-देवा हे पॅकेज घातलं की काम भागतं. मी स्वतः मुक्त वापरतो. मुंबईच्या एक टाइपने केलेला हा फाँट लहान आकारातही वाचता येतो आणि त्याच्या ठळक वजनात लिहिलेली सूचना झेरॉक्समध्येही टिकते.

वेलांटी घसरत असेल तर तुम्ही बहुधा इमेजमॅजिक या टर्मिनलमधल्या साधनाने एकदम पन्नास चित्रांवर मथळे टाकत आहात. 'किल्ला' मधली पहिली वेलांटी क च्या आधी दिसते, पण साठवताना क च्या नंतर साठवली जाते. ती उचलून पुढे ठेवायचं काम अक्षरजुळणी करणाऱ्या लायब्ररीचं. इमेजमॅजिक राक्म या लायब्ररीशिवाय बांधलेलं असेल तर ते होत नाही आणि जोडाक्षरंही सुटी पडतात. फ्लेमशॉट, केस्निप, स्पेक्टॅकल ही क्यूटी या लायब्ररीवर बांधलेली आहेत, तिथे हा त्रास नाही.

टाइप करण्याबद्दल: कीबोर्डची मांडणी मराठीवर असली की ए, आर, टी असे एका अक्षराचे शॉर्टकट चालतीलच असं नाही, आणि पडदा गोठलेला असताना मांडणी बदलायला जावं तर तेही कधी ऐकत नाही. म्हणून मी सूचना आधी टेक्स्ट एडिटरमध्ये लिहून ठेवतो आणि चित्रावर फक्त पेस्ट करतो. शुद्धलेखनाच्या चुकाही तिथेच सापडतात. चित्रात गोठलेली चूक नंतर दुरुस्त करता येत नाही, सगळं परत काढावं लागतं.

आणि डोळा तयार झालेल्यांसाठी एक बारकावा. मराठी वळणाचा ल आणि श काही फाँटांत असतो, पण प्रोग्रामला भाषा मराठी आहे हे कळलं तरच तो येतो. खुणा करणाऱ्या साधनांत भाषा सांगायची सोय नसते, म्हणून हिंदी वळण उमटतं. वाचणाऱ्याचं काही अडत नाही. मला मात्र खटकतं.

खाते क्रमांक, आधार क्रमांक कसा लपवायचा? पुसट केलं तर पुरेल का?

नाही. पुसट करणं, चौकटी-चौकटी करणं ही लपवणूक नाही, ती फक्त डोळ्यांची फसवणूक आहे. चौकटी केलेल्या मजकुरातून मूळ अक्षरं ओळखणारी साधनं उघड उपलब्ध आहेत: २०२० चं डीपिक्स, २०२२ चं अनरिडॅक्टर. आकडे तर त्याहून सोपे, कारण दहाच शक्यता. काळा, गच्च भरलेला चौकोन टाका. फ्लेमशॉटमध्ये आर, आणि रंग काळा. काळा हायलायटर फिरवू नका, तो अर्धपारदर्शक असतो, उजेड वाढवला की खालचे आकडे वर येतात.

त्याहून चांगली सवय म्हणजे लपवण्यासारखं काही पडद्यावर येऊच न देणं. मी पत्रिकांसाठी संगणकावर वेगळं खातंच उघडलं आहे: कोरा डेस्कटॉप, नाव 'वापरकर्ता', ब्राउझरमध्ये एकही बुकमार्क नाही. हे शहाणपण फुकट आलेलं नाही. एकदा छपाईला गेलेल्या पानावर कोपऱ्यात माझ्याच घरच्या व्हॉट्सअॅप वेबची सूचना आली होती, 'येताना कढीपत्ता आण'. दोनशे प्रती निघाल्या. ओटीपी नव्हता हे नशीब. तेव्हापासून स्क्रीनशॉट काढण्याआधी 'डू नॉट डिस्टर्ब' चालू करतो आणि वरच्या टॅबांची नावं एकदा वाचून घेतो.

कापलेल्या भागाबद्दलही सावध राहा. लिबरऑफिस रायटरमध्ये चित्र क्रॉप केलं तरी कापलेला भाग फाइलमध्ये तसाच राहतो, समोरच्याने क्रॉप मागे ओढला की सगळं उघडं. चित्रावर उजवं क्लिक करून कॉम्प्रेस करताना कापलेला भाग काढून टाकायचा पर्याय निवडायचा, किंवा आधीच बाहेर कापून मग चित्र आणायचं. मार्च २०२३ मध्ये अक्रोपलिप्स नावाने गाजलेला दोष याच जातीचा होता: गूगल पिक्सेल फोन आणि विंडोज ११ च्या साधनांत कापलेल्या चित्राच्या फाइलच्या शेपटीला जुना डेटा शिल्लक राहत होता. लिनक्सच्या साधनांचा त्याच्याशी संबंध नाही, पण 'कापलं म्हणजे गेलं' हा समज किती महागात पडतो ते त्यातून दिसलं.

व्हॉट्सअॅपवर पाठवलं की अक्षरं धुरकट होतात.

व्हॉट्सअॅप चित्र जेपेगमध्ये दाबून टाकतं. जेपेग चित्राचे आठ गुणिले आठ पिक्सेलचे तुकडे करून बारीक फरक फेकून देतं. माणसाच्या फोटोत ते कळत नाही, पण पांढऱ्यावर काळी अक्षरं असली की कडेला धूळ साचल्यासारखी दिसते. पीएनजीमध्ये काहीच फेकलं जात नाही. म्हणून स्क्रीनशॉट पीएनजीच ठेवायचा आणि पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून जोडायचा. फाइल जड झाली तर पीएनजीक्वांट हा प्रोग्राम रंग २५६ वर आणतो आणि बऱ्याचदा आकार निम्म्याहून खाली येतो. बटणं आणि मेनूंच्या चित्रात फरक सहसा डोळ्याला दिसत नाही.

कॉपी केलं, साधन बंद केलं, पेस्ट करायला गेलो तर रिकामं.

लिनक्सवर क्लिपबोर्ड म्हणजे डबा नव्हे, वायदा आहे. चित्र ज्या प्रोग्रामकडे आहे तोच पेस्टच्या वेळी ते देतो, आणि तो बंद झाला तर देणारा कोणी उरत नाही. म्हणूनच फ्लेमशॉट पार्श्वभूमीला चालू राहतो. त्याचं चिन्ह पट्टीवर दिसतं म्हणून चिडून बंद करू नका. कॉपीक्यूसारखा क्लिपबोर्ड सांभाळणारा प्रोग्राम ठेवला तर मागची दहा-वीस चित्रंही हाताशी राहतात.

अख्खं वेबपान, खालपर्यंत, एकाच चित्रात?

फायरफॉक्समध्ये पानावर उजवं क्लिक, 'टेक स्क्रीनशॉट', मग पूर्ण पान. क्रोमियममध्ये एफ१२ दाबून, कंट्रोल-शिफ्ट-पी मारून 'फुल साइज' लिहायचं. वेगळं काही घालायला नको.

स्क्रीनशॉटमधला मराठी मजकूर परत अक्षरांत मिळेल का?

मिळतो, चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या टेसरॅक्ट या प्रोग्रामने. पण मराठीचा डेटा वेगळा घालावा लागतो, पॅकेजच्या नावाच्या शेवटी 'मार' असतं. मराठी-इंग्रजी मिसळ असेल तर भाषा सांगताना दोन्हींमध्ये अधिक चिन्ह द्यायचं. चित्र दुप्पट-तिप्पट मोठं करून दिलं की चुका लक्षणीय कमी होतात, कारण पडद्यावरची अक्षरं छपाईच्या मानाने फार लहान असतात. तरी रफार आणि अनुस्वार एकदा डोळ्याखालून घालाच.

टर्मिनलमधली एरर दाखवायची आहे, कोणता रंग वापरू?

कुठलाच नाही. मजकूर निवडा, कंट्रोल-शिफ्ट-सी, आणि अक्षरांतच पाठवा. एररचा स्क्रीनशॉट शोधता येत नाही, कॉपी करता येत नाही, आणि महत्त्वाची ओळ हटकून वर निघून गेलेली असते. मदत करणाऱ्याला ती हाताने टाइप करायला लावणं हा त्याच्यावर अन्यायच.

एका चित्रावर किती खुणा ठीक?

एक बाण उत्तम, तीन क्रमांक चालतात, त्यापुढे चित्र दोन करा. सुरुवातीला मीही बाण, चौकट, पिवळा हायलायटर आणि वर 'इथे क्लिक करा' असं सगळं एकाच बटणावर लादायचो. वाचनालयातल्या एका काकूंनी पत्रिका बघून विचारलं, 'यात बटण कुठलं?'

फाइलींचा ढीग झाला आहे. नावं कशी ठेवावी?

आपोआप मिळणारं तारीख-वेळेचं नाव राहू द्या, त्याने क्रम टिकतो. काम संपलं की ग्नोमच्या फाइल्समध्ये सगळ्या निवडून एफ२ दाबा, एकदम नावं बदलता येतात: प्रिंटर-०१, प्रिंटर-०२. शून्य विसरलात तर दहावं चित्र दुसऱ्याच्या आधी येण्याचा धोका असतो. उरलेली मी दर महिन्याला पुसतो. गेल्या खेपेला चारशेच्या वर होती, त्यातली निम्मी एकाच सेटिंग्जच्या विंडोची.